केसाच्या मुळाशी

उत्तर कलकत्त्यातील बागबाजार हे वंगरंगभूमीचे एक माहेरघर. १८६८ साली येथील हौशी तरुणांनी दीनबंधु मित्रांचे 'सधवार एकादशी' रंगविले आणि १८७२ च्या डिसेंबरात त्यांच्यातल्याच काहींनी जोडासांको येथे तिकीट लावून 'नीलदर्पण' केले. स्त्रीभूमिका अर्थात पुरुषांनीच केल्या. अमृतलाल बसू सैरिंध्री झाले होते. आपल्याकडे भाऊराव कोल्हटकर झाले, बालगंधर्व झाले, तसेच हे. अशा नटाचे काम वस्तऱ्याने भागे. पडदा पडल्यावर केस पुन्हा उगवले तरी त्याचे काही बिघडत नसे. परंतु जिच्या हनुवटीवर निसर्गानेच राठ केस दिले, तिला चोवीस तास तोच चेहरा घेऊन वावरावे लागते, आणि लोकांची नजर दयाळू नसते.

आमच्या बागबाजारच्या बिऱ्हाडी शिक्षणासाठी राहणाऱ्या माझ्या भाचीने एके दिवशी बॅटरीवर चालणारे एक लहानसे यंत्र टेबलावर ठेवले. "मामा, तुम्ही फक्त दिवा धरा," ती म्हणाली. दिवा धरता धरता मी जे वाचले आणि पाहिले, ते आज सांगावयाचे आहे.

या विद्येला विद्युत्-अपघटन म्हणतात. १८७५ साली अमेरिकेतील सेंट लुई येथील चार्ल्स मिशेल या नेत्रवैद्याने पापणीचे आत वळलेले, बुबुळाला टोचणारे केस याच रीतीने कायमचे काढले. तत्त्व शाळेतल्या प्रयोगाइतके सोपे आहे. मिठाच्या पाण्यातून एकदिश प्रवाह सोडला की ऋण टोकाशी दाहक सोडा तयार होतो. आपल्या त्वचेत पाणी आहे आणि मीठही आहे. केस ज्या खळग्यातून उगवतो त्या केशकूपात बारीक सुई सरकविली आणि ती ऋण टोकाला जोडली, की तेथेच थेंबभर दाहक द्रव उत्पन्न होऊन केसाचे मूळ विरघळवितो. धन टोक ओल्या फडक्यात गुंडाळून हातात धरावयाचे. ही टोके उलटी जोडली गेली तर सुईचे लोखंड त्वचेत उतरून गोंदल्यासारखा काळा डाग पडतो. म्हणून सुरुवात सुईपासून नव्हे, जोडणी तपासण्यापासून करावी. पेल्यातल्या मिठाच्या पाण्यात दोन्ही टोके बुडवावीत. जेथे बुडबुडे अधिक, ते ऋण. आणि घरातल्या भिंतीवरच्या विजेचा या कामाशी काडीचाही संबंध येऊ देऊ नये. प्रवाह लागतो तो फार तर एका मिलिअँपिअरच्या आतबाहेर, आणि तो बॅटरीचाच असावा.

मात्रेचे गणितही सरळ आहे. मिलिअँपिअरचा दहावा भाग एक सेकंद वाहिला की एक एकक दाहक द्रव झाला असे धरतात. म्हणजे अर्धा मिलिअँपिअर दहा सेकंद सोडला तर पन्नास एकके. प्रवाह कमी ठेवून वेळ वाढविणे हे नवशिक्याला सोसणारे असते.

खरी कला सुई घालण्यात आहे. केस ज्या कोनात बाहेर येतो त्याच कोनात, त्याला लगटून, सुई आपसूक आत सरकली पाहिजे. टोचल्याची कळ आली वा रक्त दिसले तर ती मांसात गेली असे समजावे. प्रवाह थांबल्यावर चिमट्याने केस धरला असता तो लोण्यातून निघावा तसा निघाला पाहिजे. ओढावा लागला तर मूळ शाबूत आहे. मग तो नुसता उपटण्यासारखेच झाले. पहिले धडे पायाच्या पोटरीवर गिरवावेत. चेहरा शेवटी. भाचीने हा क्रम पाळण्यास प्रथम कुरकुर केली, पण पोटरीवरचे लहान लहान ठिपके सुकून नाहीसे होण्यास किती दिवस लागतात हे पाहिल्यावर तिनेच हनुवटी पुढे ढकलली. आपल्या सावळ्या कांतीवर हे डाग अधिक काळ रेंगाळतात. म्हणून शेजारशेजारचे केस एका बैठकीत घेऊ नयेत, त्याच कूपात पुनःपुन्हा सुई घालू नये, खपली नखाने काढू नये. सुई निर्जंतुक आणि एकटीच्या वापरातली असावी, हे सांगावयास नकोच.

आता चिकाटीविषयी. एका केसाला शोधण्यासह एक मिनिट धरले तर तासाला साठ केस. शिवाय सगळे केस एकाच वेळी वाढीच्या अवस्थेत नसतात. आज न दिसलेले पुढल्या महिन्यात उगवतात. काम महिनोन् महिने चालते. १७४२ साली मराठ्यांच्या भयाने कलकत्तेकरांनी बागबाजारापासून खंदक खणावयास घेतला आणि तो अर्धवटच सोडला. आमच्या भागातल्या 'मराठा डिच लेन'वरून जाताना मला त्याची हटकून आठवण होते. केशनिर्मूलनाचे बहुतेक घरगुती प्रयोग त्याच खंदकाच्या वाटेने जातात. तरी फळ मोठे आहे. लेसरला केसातला काळा रंग लागतो, पांढऱ्या केसापुढे तो हतबल. सुईला रंगाशी कर्तव्य नाही. अमेरिकेचे अन्न-औषध प्रशासनही 'कायमचे निर्मूलन' हा शब्द याच रीतीला लावू देते, लेसरला नव्हे.

मात्र केस एकाएकी वाढू लागले असतील, पाळी अनियमित झाली असेल, तर आधी डॉक्टरांकडे जावे. बीजकोशांचा वा ग्रंथींचा दोष असेल तर इकडे एक मूळ जाळावे आणि तिकडे दोन नवी जागी व्हावीत असे होते. हृदयाला गतिनियामक यंत्र बसविलेल्यांनी या वाटेस जाऊच नये. जखमेचा वण फुगण्याची प्रवृत्ती असलेल्यांनी व मधुमेह्यांनी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. तीळ, नाकाचे आतले अंग, पापण्या या जागा तर घरी कोणीच हाताळू नयेत. पापणीवर या विद्येचा जन्म झाला खरा, पण तो नेत्रवैद्याच्या हातून.