स्वमग्नता : वेळीच ओळख आणि पालकांचे कर्तव्य

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील पालक-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



घरात मूल जन्मले की त्याच्या पहिल्या हास्याची, पहिल्या पावलाची आणि पहिल्या शब्दाची सारे कुटुंब वाट पाहत असते. काही घरांत हास्य उमटते, पाऊलही वेळेवर पडते. शब्द मात्र येत नाही. दीड वर्षाचे मूल खेळण्यातील मोटार उलटी करून तिचे चाक तासन्‌तास फिरवत बसते. आजोबांनी दुकानातून आणलेली रिकामी रिळे एका रांगेत मांडते आणि त्यातले एक जरी हलले तरी आकांत करते. नावाने हाक मारली तर मान वळवत नाही, पण शेजारच्या खोलीत बिस्किटाचा पुडा फोडला की धावत येते. हे सर्वप्रथम आईच्या लक्षात येते. ती भीतभीत बोलून दाखवते, तेव्हा वडीलधारी मंडळी प्रेमानेच समजावतात, "अगं, मुलगे उशिराच बोलतात. याचे वडीलही तीन वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते." आई गप्प बसते. पुढे बालवाडीतून तक्रार येते, चौथे वर्ष लागते आणि तेव्हा कुठे डॉक्टरांची पायरी चढली जाते. मधली दोन-अडीच वर्षे निघून गेलेली असतात. आजच्या भाषणाचा विषय ही हातची गेलेली वर्षे हाच आहे.

ऑटिझम या अवस्थेला मराठीत स्वमग्नता म्हणतात. शब्द सुंदर आहे, पण काहीसा फसवा आहे. मूल एखाद्या साधकाप्रमाणे अंतर्मुख झाले आहे, असा त्याचा अर्थ नव्हे. मेंदूची वाढच काहीशी वेगळ्या रीतीने होत असल्याने इतरांशी संवाद साधणे, डोळ्यांनी व खुणांनी देवाणघेवाण करणे अशा मुलाला अवघड जाते. त्याच त्या कृतींत ते रमते, आवाज, स्पर्श किंवा चव यांपैकी काही त्याला असह्य होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगातील सुमारे १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. मुलींपेक्षा मुलग्यांत निदान अधिक होते; त्यामुळे मुलींकडे दुर्लक्ष होण्याचा धोका वाढतो.

अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अशा ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर बरीच वर्षे आईच्या थंड वागणुकीमुळे मूल असे होते, हा समज खुद्द तज्ज्ञांमध्येही बोकाळला होता. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञांनी, जे स्वतः एका स्वमग्न मुलाचे पिता होते, १९६४ मध्ये ग्रंथ लिहून त्याचे खंडन केले. पुढे १९७७ मध्ये जुळ्या भावंडांवरील अभ्यासातून आनुवंशिकतेचा वाटा पुढे आला. विज्ञानाने आईला केव्हाच दोषमुक्त केले. घराघरांतून मात्र तिची सुटका अजून झालेली नाही. सून नोकरी करते म्हणून, गर्भारपणी पथ्य पाळले नाही म्हणून, नाहीतर पूर्वकर्म म्हणून तिच्याच माथी दोष येतो. कर्मसिद्धांत मानणाऱ्या समाजाने हेही स्मरावे, की त्याच तत्त्वज्ञानात पुरुषार्थालाही तितकेच स्थान आहे.

लसीविषयीचाही एक गैरसमज दूर व्हायला हवा. गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या एकत्रित लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचविणारा लेख १९९८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. तो अवघ्या १२ मुलांवर आधारलेला होता आणि २०१० मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला. त्यानंतर लाखो मुलांवर झालेल्या अभ्यासांत असा संबंध आढळला नाही. तेव्हा लस टाळणे म्हणजे मुलाला निष्कारण संकटात लोटणे होय.

आता पालकांनी काय पाहावे? पहिल्या वाढदिवसापर्यंत मूल 'बाबाबा', 'दादादा' असे बोल काढत नसेल, टाटा करणे किंवा बोटाने दाखवणे अशा खुणा करत नसेल. १६ महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द बोलत नसेल. दोन वर्षांचे होऊनही 'पाणी दे', 'बाबा आले' अशी दोन शब्दांची जोडणी स्वतःहून करत नसेल, तर थांबू नये. आलेले शब्द किंवा लोकांत मिसळणे कोणत्याही वयात अचानक लोपले, तर तेही तातडीने दाखवावे. बोटाने दाखवणे ही फार महत्त्वाची खूण आहे. हवी ती वस्तू मिळावी म्हणून मूल आईचा हात धरून तिच्याकडे नेते, हे वेगळे. आणि आकाशातले विमान दिसताच बोट दाखवून आईच्या तोंडाकडे पाहते, हे वेगळे. दुसऱ्या कृतीत आपला आनंद वाटून घेण्याची इच्छा असते. ती दीड वर्षापर्यंत दिसत नसेल तर विचारणा करावी. काही मुले दूरदर्शनवरील जाहिरात जशीच्या तशी म्हणून दाखवतात आणि घरात कौतुक होते. पण तेच मूल तहान लागल्यावर पाणी मागू शकत नाही. पाठांतर आणि संवाद यांतला हा भेद ध्यानात ठेवावा.

शंका आली की चाळणी परीक्षा करून घ्यावी. त्यासाठी जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली 'एम-चॅट' या नावाने ओळखली जाते. ती २००१ मध्ये तयार झाली आणि तिच्या सुधारित आवृत्तीचा मोठा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी असलेल्या या प्रश्नावलीत 'होय' किंवा 'नाही' अशा उत्तरांचे २० प्रश्न असतात. ना सुई, ना यंत्र. पालकांची काही मिनिटे एवढाच तिचा खर्च. गुण ० ते २ असल्यास धोका कमी, ३ ते ७ असल्यास त्या उत्तरांविषयी पुन्हा सविस्तर विचारणा, आणि ८ वा अधिक असल्यास थेट तज्ज्ञांकडे, अशी तिची रीत आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना १८ व्या आणि २४ व्या महिन्यात प्रत्येक मुलाची अशी तपासणी सुचवते. दीड वर्षाच्या सुमारास बूस्टर लसीसाठी मूल डॉक्टरांकडे जातेच. त्याच भेटीत पालकांनी हा विषय स्वतःहून काढावा.

ही परीक्षा म्हणजे निदान नव्हे. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर ती कच्ची नोंद आहे. पक्क्या वहीत नाव चढण्यापूर्वी पुष्कळ पडताळणी व्हायची असते. २०१४ च्या त्या अभ्यासात दुसऱ्या फेरीनंतरही शंका उरलेल्या मुलांपैकी निम्म्याहून थोडी कमी मुले स्वमग्न ठरली. पण त्या मुलांपैकी सुमारे ९५ टक्के मुलांना वाढीविषयी कोणती ना कोणती मदत लागणारच होती. उलटपक्षी, काही मुले या चाळणीतून निसटतातही. म्हणून गुण कमी आले तरी आईच्या मनातील शंका जात नसेल, तर पुन्हा दाखवावे. मूल हाकेला ओ देत नसल्यास प्रथम कानांची तपासणी आवश्यक आहे, कारण बहिरेपणाही असाच दिसू शकतो.

ग्रामीण भागासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. त्याची पथके अंगणवाड्यांतून मुलांना तपासतात आणि गरज पडल्यास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. मुंबईत 'उम्मीद' ही संस्था २००१ पासून बालविकासाचे कार्य करीत आहे. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत वाचा व श्रवणाची तपासणी होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विम्याची तरतूद आहे.

लवकर ओळखून लाभ काय? स्वमग्नता औषधाने नाहीशी होत नाही आणि तसे वचन देणाऱ्यांपासून दूर राहावे. परंतु पहिल्या वर्षांत मेंदू फार वेगाने शिकत असतो, आणि त्या काळात संवादाची सवय लावता येते. गोवा व रावळपिंडी येथे ६५ मुलांच्या कुटुंबांसह झालेला एक प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन मुलाच्या कलाने कसे खेळावे, हे पालकांना शिकवले. सर्वच बाबतींत यश आले नाही. पण पालक मुलाच्या कलाने वागू लागले आणि मुले स्वतःहून अधिक संवाद करू लागली. याचा अर्थ असा, की मुलाचे पहिले शिक्षक घरातच आहेत. रिळांची रांग मोडण्याऐवजी आजोबांनी शेजारी बसून त्या रांगेत आणखी एक रीळ ठेवावे, मूल वर पाहील तो क्षण टिपावा आणि 'लाल रीळ' एवढेच म्हणावे. संवादाचा आरंभ असाही होतो.

एक भीती उघडपणे बोलली जात नाही. हे कळले तर मोठ्या मुलीचे लग्न कसे जमेल, लोक काय म्हणतील, या विचाराने कित्येक घरांत मूल पाहुण्यांपासून लपवले जाते. ही भीती एकट्या कुटुंबाने दूर करावयाची नाही. ती समाजाने दूर करावयाची आहे. कार्यक्रमात एखादे मूल कानांवर हात ठेवून ओरडू लागले, तर त्याच्या आईकडे रोखून पाहण्याऐवजी तिला शांत खोली दाखवणारा एक हात पुढे यावा.

आणि ज्येष्ठांना एवढीच विनंती, की पुढच्या वेळी घरातील सून भीतभीत म्हणेल, "आई, हा हाकेला वळत नाही," तेव्हा तिला वाट पाहायला सांगू नये. "चल, उद्याच दाखवून येऊ," असे म्हणावे. शंका खोटी ठरली तर एक सकाळ खर्ची पडेल. खरी ठरली तर मुलाची दोन वर्षे वाचतील.