जुन्या मोटारीच्या इंजिनाचा मूळ रंग

जुनी मोटार पुन्हा उभी करावयाची म्हटली, की मालकाचे लक्ष प्रथम तिच्या बाह्यांगाकडे जाते. पत्रा, गाद्या, दिवे यांवर तो मुक्तहस्ते खर्च करतो; बॉनेटखालचे इंजिन मात्र हाती लागेल त्या चंदेरी वा काळ्या रंगाने माखून मोकळा होतो. वस्तुतः इंजिनाचा रंग ही कारखान्याची सही होय. ती पुसली तरी गाडी चालेल. पण तिच्या जन्माचा एक दाखला कायमचा नाहीसा होईल.

उदाहरणासाठी जीपच घ्यावी. काळी नदीच्या खोऱ्यात, जोयडा तालुक्यातील नंदिगड्ड्यासारख्या रानातल्या गावी, पावसाळ्यातील चिखल आणि चढण ज्यांनी पाहिली आहे त्यांना या गाडीची थोरवी सांगावयास नको. दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. आराखडा एकच, सुटे भागही एकीचे दुसरीला चालत. परंतु विलिसचे इंजिन लष्करी हिरव्या रंगाचे, तर फोर्डचे करड्या रंगाचे असे. स्वातंत्र्यानंतर लवकरच महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीपची जोडणी सुरू केली आणि ही गाडी खेडोपाडी पोचली.

केवळ कंपनीच्या नावावरूनही रंग ठरत नाही. १९२८ ते १९३१ या काळातील फोर्डच्या ‘मॉडेल ए’ गाडीचे इंजिन हिरवे असे. शेव्हरोलेच्या सहा नळकांड्यांच्या जुन्या इंजिनास करडा रंग असे. १९५५ साली आलेले तिचे आठ नळकांड्यांचे नवे इंजिन मात्र नारिंगी होते. म्हणून साल आणि इंजिनाची जात, दोन्ही आधी निश्चित करावी लागतात.

त्यातही एक मेख आहे. दीर्घ आयुष्यात अनेक गाड्यांची इंजिने बदलली गेली. युद्धकाळातील विलिस इंजिनाच्या क्रमांकाआधी ‘एमबी’ आणि फोर्डच्या क्रमांकाआधी ‘जीपीडब्ल्यू’ ही अक्षरे असत. रंग शोधण्यापूर्वी हा क्रमांक वाचावा. नाही तर एका गाडीच्या अंगी दुसरीचा रंग चढावयाचा.

आता प्रत्यक्ष शोध. दुरुस्तीच्या वेळी मिस्त्रीचा ब्रश जेथे पोचला नाही, तेथे जुना रंग टिकून असतो: इंजिनाची मागची बाजू, डायनॅमोच्या आधाराखालचा कोपरा, क्रमांकपट्टीची कड. तेथील तेलकट मळ रॉकेलने अलगद काढावा. तारेचा ब्रश चालवू नये. मग बारीक घासकागद पाण्यात भिजवून रुपयाएवढी जागा हलक्या हाताने घासावी. कापलेल्या ओंडक्यावर वर्तुळे दिसावीत, तसे रंगाचे थर एकामागून एक प्रकट होतात. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असल्याने कोरडे घासून धूळ उडवू नये.

सर्वांत खालचा थर तोच मूळ, असा निर्वाळा मात्र घाईने देऊ नये. पूर्वी कोणी इंजिन लोखंडापर्यंत खरवडले असेल, तर तळचा थरही उपराच असावयाचा. दोन-तीन जागांची साक्ष जुळली, तरच ती मानावी. धुराड्याच्या बाजूचा रंग उष्णतेने जळून जातो, तर तेलाने रंग पिवळट वा तपकिरी होतो. तेव्हा या जागांवर विसंबू नये. नमुना पत्र्याच्या तुकड्यावर लावून पूर्ण वाळू द्यावा आणि मगच दिवसाच्या उजेडात ताडून पाहावा. छायाचित्रातील रंग फसवा असतो.

भारत सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या मोटारींसाठी ‘व्हीए’ या अक्षरांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. म्हणजे जुनेपणाला आता कायद्यानेही मान दिला आहे. परंतु खरा मान मालकाच्या हाती आहे. सारे इंजिन रंगवून झाले, तरी मागच्या बाजूस अंगठ्याएवढी जागा न रंगविता सोडावी. आजचा अंदाज चुकला असेल, तर पन्नास वर्षांनी येणाऱ्या मिस्त्रीला तो तेथे तपासून पाहता येईल.