खोडदची दुर्बीण आणि आज्ञावलीचे थर



टेबलावरच्या संगणकाला बिनतारी इअरफोन जोडतांना आवाज येतो कीं नाहीं, एवढेंच आपण पाहतों. आंत मात्र काम दोघांनीं वांटून घेतलेलें असतें. ब्लूटूथची चिमुकली चिप 2402 ते 2480 मेगाहर्ट्झच्या दरम्यान लहरी सोडते व झेलते, आणि दुसऱ्या कोणाच्या लहरींशीं टक्कर होऊं नये म्हणून सेकंदास 1600 वेळांपर्यंत आपला मार्ग बदलते. त्यापुढचें बरेंचसें काम, म्हणजे समोरचें उपकरण ओळखणें, त्याच्याशीं बोलणीं करणें, आवाजाचे तुकडे योग्य ठिकाणीं पोंचविणें, हें एकावर एक रचलेले आज्ञावलीचे थर करतात. लिनक्स प्रणालीवरील या थरांचें नांव ब्लूझी. त्यांचा मूळ भाग 2001 पासून लिनक्सच्या गाभ्यांत आहे. त्याचा मजकूर सर्वांस खुला असल्यामुळें ज्याला हौस असेल त्यानें तो आपल्या संगणकावर बांधून चालवावा. चुकला तर दुरुस्त करून पुन्हां बांधावा.

हें ‘पुन्हां बांधणें’च मला महत्त्वाचें वाटतें. चिप एकदां घडली कीं घडली. आज्ञावली रात्रींतून बदलतां येते. लहरींचें काम ठराविक यंत्राकडून काढून आज्ञावलीकडे सोंपवावें, हा विचार जुन्नर तालुक्यांत, खोडद गांवीं, फार मोठ्या प्रमाणावर अमलांत आलेला आहे.

नारायणगांवाहून खोडदकडे जातांना शेतांपलीकडे तारांच्या जाळीच्या प्रचंड तबकड्या दिसूं लागतात. हीच जीएमआरटी नांवाची रेडिओ दुर्बीण. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील प्रा. गोविंद स्वरूप (1929–2020) यांची ही कल्पना. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. पैकीं 14 सुमारें एक चौरस किलोमीटरांत दाटीनें उभ्या, आणि 16 इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फांट्यांवर, जुन्नर-आंबेगांवच्या मुलखांत दूरवर पसरलेल्या. टोंकांमधील अंतर सुमारें 25 किलोमीटर.

प्रत्येक तबकडीनें झेललेली लहर प्रकाशतंतूंतून मध्यवर्ती इमारतींत येते. परंतु आकाशांतून आलेली लहर तीसही ठिकाणीं एकाच क्षणीं पोंचत नाहीं, आणि पृथ्वी फिरत असल्यामुळें हा उशीरही सारखा बदलतो. तो भरून काढावयाचा, लहरीचें तिच्या निरनिराळ्या कंपनसंख्यांत पृथक्करण करावयाचें, आणि मग प्रत्येक तबकडीची प्रत्येक दुसरीशीं तुलना करावयाची. तीस तबकड्यांच्या अशा जोड्या 435 होतात. पूर्वीं हें काम त्यासाठींच घडविलेल्या इलेक्ट्रॉनिक यंत्राकडे होतें. त्याला नवी गोष्ट शिकविणें कठीण.

जयंत रॉय, यशवंत गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 2010 सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत नवा मार्ग वर्णिला आहे. बाजारांत मिळणारे संगणक, एकूण 48, त्यांवर लिनक्स, लहरींचे आंकडे करणारीं कार्डें, एकमेकांस जोडणाऱ्या तारा, बाकी सर्व आज्ञावली. ऐकावयास सोपें वाटतें. परंतु 33 मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा आंकड्यांत उतरवावयाचा तर एका वाहिनीचीं सेकंदाला निदान 6 कोटी 60 लक्ष मापें घ्यावीं लागतात, आणि प्रत्येक तबकडीच्या वाहिन्या दोन. संगणक मागें पडला तर तेवढें आकाश गेलें तें गेलेंच. म्हणून एका आज्ञेंत अनेक गुणाकार उरकणें, लागणारे आंकडे अगदीं हाताशीं असलेल्या स्मृतींत ठेवणें, अशी कसोशीची काटकसर त्या आज्ञावलींत करावी लागली.

एवढा खटाटोप कशासाठीं? या दुर्बिणीनें टिपलेल्या हायड्रोजनच्या एका लहरीची वार्ता 2023 च्या आरंभीं जाहीर झाली. सुमारें 880 कोटी वर्षांपूर्वीं ती एका आकाशगंगेंतून 1420 मेगाहर्ट्झवर निघाली. विश्व प्रसरण पावत असल्यामुळें येथें पोंचेपर्यंत ती 620 च्या आसपास उतरली होती. वाटेंतल्या दुसऱ्या आकाशगंगेच्या गुरुत्वाकर्षणानें ती मोठी करून दाखविली नसती, तर ती हातीं लागणें दुरापास्तच होतें.

अशा क्षीण लहरीच्या शेजारीं आपला गोंगाट केवढा! ब्लूटूथचा पट्टा या दुर्बिणीच्या 1450 मेगाहर्ट्झच्या मर्यादेपलीकडे आहे; मोबाइलचा 900 च्या आसपासचा मात्र त्या मर्यादेच्या अलीकडेच आहे. विजेच्या तारांवरील ठिणग्या तर पट्टाभर खरखर उठवितात. विहिरीवरचा पंप बंद ठेवा, असें शेतकऱ्यास सांगतां येत नाहीं, सांगूंही नये. त्यापेक्षां प्रत्येक माप नेहमींच्या मापांशीं ताडून पाहावें, आणि जें अवाजवी उसळलेलें दिसेल तें पुढील हिशेबांत जाण्यापूर्वींच बाजूस काढावें, हा मार्ग स्वीकारला गेला. पुढें दुर्बिणीचा पट्टा 400 मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावला. तेव्हां ही गाळणी ज्यांची रचना आज्ञा लिहून बदलतां येते अशा चिप्सवर बसविली, आणि गुणाकारांचें ओझें, मूळ संगणकावरील खेळांचीं चित्रें रंगविण्यासाठीं निघालेल्या ग्राफिक प्रोसेसरांच्या खांद्यावर दिलें.