‘बघ’ म्हणणारा देव
(सोलापूर येथे अखंड हरिनाम सप्ताहाच्या समाप्तीला झालेले काल्याचे कीर्तन. ध्वनिमुद्रणावरून.)



सप्ताहाचे सहा दिवस झाले. वैराग्य ऐकलं, ज्ञान ऐकलं, नाममहिमा ऐकला. आज काला. काल्याच्या कीर्तनाला संप्रदायाचा दंडक आहे, की आज दुसरा विषय घ्यायचा नाही. आज भगवंताचं चरित्र सांगायचं, आणि तेही गोकुळातलं. आषाढी पौर्णिमेला पंढरीत जमलेल्या पालख्या गोपाळपुरात जातात, तिथं काला होतो आणि मगच परतीची वाट धरतात. म्हणजे एवढी वारी चालून आलेल्या माणसाला शेवटी काय द्यायचं, तर लहान पोरांची शिदोरी!

नामदेवरायांच्या गाथ्यात बघा, तुकोबारायांच्या गाथ्यात बघा, बाळक्रीडेचे अभंग वेगळे सापडतील. तिकडं तमिळ मुलखात पेरियाळवार झाले, त्यांनी यशोदेच्या मुखानं कृष्णाचं बाळपण गायलं. उत्तरेत सूरदासांनी तेच केलं. एवढी मोठी माणसं एका रांगणाऱ्या पोराच्या मागं का लागली? ब्रह्म सांगायला उपनिषदं होती, गीता होती. तरी हे सगळे नंदाच्या अंगणात जाऊन का बसले? त्याचं उत्तर आज बघायचं आहे. आणि ‘बघायचं’ हाच आजचा शब्द आहे, सज्जनहो. ध्यानात ठेवा.

(गजर : विठोबा रखुमाई, विठोबा रखुमाई)

भागवताचा दशम स्कंध, आठवा अध्याय. कृष्ण आणि बळिराम रांगायला लागलेत. हाताला शेण, गुडघ्याला चिखल, पायात घुंगरू. घुंगराचा आवाज आला की दोघांना नवल वाटतं, हा आवाज कुठनं आला? अहो, तुझ्याच पायातनं आला की! रस्त्यानं कुणी चाललं की त्याच्या मागं मागं रांगत जायचं, आणि तोंड बघितल्यावर कळायचं, अरे, ही आपली आई न्हाई. मग भिऊन माघारी. वासराचं शेपूट धरायचं, वासरू पळालं की त्याच्यामागं फरफटत जायचं. आणि गोपी काय करत होत्या? व्यासांनी लिहून ठेवलंय, त्या घरातली कामं टाकून बघत उभ्या राहिल्या आणि हसत राहिल्या.

पुढं व्यासांनी आईचंही दुखणं सांगितलंय. ही दोन पोरं शिंगाच्या जनावरापाशी जातात, विस्तवापाशी जातात, दातवाल्या प्राण्यापाशी, तरवारीपाशी, पाण्यापाशी, पाखरापाशी, काट्यापाशी. त्यांना आवरायचं का घरकाम करायचं? दोन्ही एका वेळी होईना. दोघी आयांच्या जिवाला थारा नव्हता.

आता ही यादी हजारो वर्षांची जुनी वाटते का तुम्हाला? आपल्या सोलापुरात या. पूर्व भागातल्या घरात आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळतीये. लेकरू तंबाखूला हात घालतंय. पान कातरायची कात्री तिथंच पडलीये. शेजारच्या खोलीत माग चालू आहे, त्याच्या खडखडाटाकडं हे रांगत निघालंय. चुलीवर पाणी उकळतंय, दारात मोटारसायकल उभी, तिचं सायलेन्सर तापलेलं. माउली, यशोदेची तरवार गेली, इथं कात्री आली. एवढाच फरक. आईच्या जिवाला थारा तेव्हाही नव्हता, आताही न्हाई.

आणि या सगळ्या धांदलीत ते दीड वर्षाचं लेकरू एकच शब्द बोलत असतं. कुठला? बोला की! ‘बग!’ मुंगी दिसली, बग. सावली दिसली, बग. डब्याचं झाकण वाजलं, बग. त्याला काही मागायचं नसतं हो! खाऊ नको, पैसा नको. त्याला एवढंच पाहिजे की मी जे बघितलं, ते तू पण बघ.

(गजर)

तेच लेकरू थोडं मोठं झालं. अकराव्या अध्यायात येतं. गोपी टाळ्या वाजवायच्या आणि हा नाचायचा. ‘कृष्णा, पाट आण. कृष्णा, माप आण. कृष्णा, पादुका आण.’ हा धावायचा. पाट उचलायला जायचा आणि उचलायचा न्हाई. ज्यानं पुढं गोवर्धन उचलला त्याला पाट उचलत न्हाई! मग नुसतेच दंड दाखवायचा, बघा माझ्यात किती जोर आहे. गोपी हसायच्या.

तुमच्या घरात हेच चालतं का न्हाई? आजोबांनी पायताण मागितलं की नातू एक आजोबांचं आणतो आणि एक आजीचं. ते पण डोक्यावर धरून! आजी केर काढायला लागली की तिच्या हातातला झाडू त्यालाच पाहिजे. काढलेला केर तो परत घरभर करतो. आपण म्हणतो, ‘हो बाजूला, काम वाढवू नको.’ मायबाप हो, ते काम वाढवत न्हाई, ती त्याची सेवा आहे. तुम्ही मंदिरात झाडू मारता त्याला सेवा म्हणता. त्यानं मारला तर खोडी का?

आता मातीची कथा. बळिरामानं चहाडी केली, आई, कृष्णानं माती खाल्ली. यशोदेनं हात धरला. हा म्हणतो, ‘खाल्ली न्हाई. खरं वाटत नसंल तर तोंडात बघ.’ आला का शब्द? ‘बघ’! यशोदेनं काय केलं? ‘नंतर बघते’ म्हणाली का? न्हाई. तिनं बघितलं. त्या एवढ्याशा तोंडात आकाश, दिशा, पर्वत, समुद्र, वारा, अग्नी, चंद्र, तारे. एवढंच न्हाई, त्यात गोकुळ दिसलं, आणि गोकुळात ती स्वतः दिसली. विश्वरूप बघायला अर्जुनाला दिव्य दृष्टी लागली. यशोदेला काय लागलं? पोराच्या तोंडात बघायला फक्त खाली वाकायला लागलं.

एकदा बाजीराव विहिरीचं रिंगण होतं. अश्व धावून गेला. वारकऱ्यांची रीत तुम्हाला ठाऊक आहे, टापांखालची माती कपाळाला लावायला सगळे वाकले. आमच्या दिंडीत एक आजी दीड वर्षाचा नातू कडेवर घेऊन आल्या होत्या. लेक-सून पुण्याला कंपनीत, पोरगं आजीपाशी. आजीनं त्याला खाली सोडलं आणि माती घेतली. ह्यानं बघितलं, सगळी माणसं माती उचलायलीत. त्याला वाटलं, खायचीच असंल! घेतली मूठ, घातली तोंडात.

आजीनं हात उगारला. शेजारचा म्हातारा वारकरी म्हणाला, ‘मारू नगा आजी, त्यानं आपल्यापेक्षा जादा घेतली एवढंच.’ सगळे हसले. आजीचा हात खाली आला. तांब्यातलं पाणी घेतलं, मांडीवर आडवा घेतला आणि म्हणाली, ‘उघड तोंड. बगू दे.’ बोट फिरवलं, माती काढली, चूळ भरवली. आणि एकदम थांबली. परत बघितलं. म्हणाली, ‘आगं बया, दाढ आली की माझ्या सोन्याला!’

माउली, तिला विश्व न्हाई दिसलं. दाढ दिसली. पण तिच्या तोंडावरचा आनंद आम्ही बघितलाय. चार दिवस पोरगं किरकिर करत होतं, रात्रीचं झोपत नव्हतं, दृष्ट काढून झाली होती. कारण आज सापडलं. तिनं लगेच लेकाला फोन लावला, तोंड दिसतं तसला. लेक तिकडनं म्हणाला, ‘आई, परत एकदा उघडायला सांग की त्याला.’ पोरगं काही उघडंना! तो बाप तसाच थांबला हो, फोन धरून, त्या गर्दीतल्या आवाजात, एक दाढ बघायला. आमच्या डोळ्यांत पाणी आलं.

(गजर : विठ्ठल विठ्ठल)

म्हणून आम्ही फोनला शिव्या देत न्हाई. त्या आजीचा फोन दर्शनाचं साधन झाला. पण पोरगं ‘बग’ म्हणतंय आणि आपण त्याच्या हातात फोन देऊन गप बसवतोय, तेव्हा काय होतं? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं, दोन वर्षांच्या आतल्या लेकराला पडद्यापुढं बसवूच नका, आणि दोन ते चार वर्षांच्या लेकराला दिवसाला एक तासाच्या वर नको. ते डॉक्टरांच्या भाषेत बोलले. आम्ही आमच्या भाषेत सांगतो : पडदा लेकराला खूप काही दाखवतो, पण लेकरानं दाखवलेलं पडदा बघत न्हाई.

आता बायका म्हणतील, महाराज, तुमचं बोलणं सोपं आहे. हजार विड्या कोण वळणार? सांगतो. यशोदेलाही काम होतंच. नववा अध्याय. दासी दुसऱ्या कामात होत्या, म्हणून ती स्वतः ताक घुसळत बसली होती. हा आला, रवी धरली. बंद कर काम! तिनं मांडीवर घेतलं, पाजायला लागली. तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू जायला लागलं. तिनं मांडीवरचं लेकरू, पोट भरलेलं नसताना, खाली ठेवलं आणि दुधाकडं पळाली.

टीकाकार सांगतात, ते दूधही कृष्णासाठीच होतं. बघा कशी गंमत आहे! ज्याच्यासाठी दूध, त्यालाच खाली ठेवलं. आपलंही तेच. ‘ह्याच्यासाठीच तर राबतोय’ म्हणतो आणि ह्यालाच खाली ठेवतो. व्यासांनी यशोदेला दोष दिला का? एका अक्षरानं न्हाई. दूध वाचवावंच लागतं, संसार आहे. पण पुढं काय केलं ते बघा. दह्याचा डेरा फुटलेला बघितला आणि ती हसली. काठी घेऊन मागं धावली, पण पोरगं भ्यालंय, काजळ चोळत रडतंय हे दिसल्यावर तिनं काठी टाकली. काठी टाकायला डोळे लागतात, सज्जनहो.

मग बांधायला दोरी आणली. दोन बोटं कमी. दुसरी जोडली, दोन बोटं कमी. घरातल्या सगळ्या दोऱ्या जोडल्या, तरी दोनच बोटं कमी. ती घामाघूम झाली, केसातली फुलं गळाली. आईचे कष्ट बघून देवानं स्वतःला बांधून घेतलं. दाम म्हणजे दोरी, उदर म्हणजे पोट, म्हणून दामोदर. थोर मंडळी सांगतात, त्या दोन बोटांतलं एक बोट आईच्या कष्टाचं आणि दुसरं देवाच्या कृपेचं. तिनं लेकराकडं बघितलं, तेव्हा लेकरानंही आईकडं बघितलं. मग गाठ बसली. ब्रह्मदेवाला, शंकराला, प्रत्यक्ष लक्ष्मीला मिळाली नाही ती कृपा तिला मिळाली, असं शुकाचार्य परीक्षिताला सांगतात.

तुम्ही म्हणाल, पुंडलिकानं तर देवाला थांबवलं. खरं आहे. आईबापाचे पाय चेपत होता, देव दारात आला, ह्यानं वीट फेकली, म्हणाला थांब. देव थांबला. अठ्ठावीस युगं झाली, अजून थांबलाय. आपल्याच जिल्ह्यात, भीमेच्या काठी, कमरेवर हात ठेवून. पण माउली, हे नीट ऐका. देवाला थांब म्हटलं तर देव थांबतो. लेकराला थांब म्हटलं तर लेकरू थांबत न्हाई. ते मोठं होऊन जातं. एक दिवस तुम्ही सगळी कामं उरकून हात पुसत येता आणि म्हणता, ‘हां, आता दाखव.’ तेव्हा ते म्हणतं, ‘काही न्हाई, सहज.’ आणि दार लोटून घेतं.

(सभेत शांतता. नंतर गजर : विठोबा रखुमाई)

शेवटची एक कथा सांगतो आणि काल्याकडं वळतो. गोकुळात फळं विकणारी आली. कृष्णानं मोठी माणसं धान्य देऊन फळं घेतात हे बघितलं होतं. तो घरात पळाला आणि ओंजळभर धान्य घेऊन निघाला. एवढाली बोटं, त्यातनं दाणे सांडत गेले. आपली मंगळवेढ्याची टपोरी ज्वारी डोळ्यांपुढं आणा, म्हणजे कळंल. तिच्यापाशी पोचेस्तोवर ओंजळीत दोन-चार दाणे उरले. तिनं माप काढलं का? हिशेब केला का? तिनं वाटेवर सांडलेले दाणे बघितले न्हाईत, धावत आलेलं पोरगं बघितलं. दोन्ही हात फळांनी भरून दिले. आणि तिची पाटी रत्नांनी भरली.

आता हंडी फुटेल. काला वाटायला मंडळी उठतील. आमची विनंती एवढीच, आधी लेकरांना द्या. त्यांच्या हातातनं थोडा सांडंल, सांडू द्या. आणि घरी गेल्यावर एखादं लेकरू ‘बग’ म्हणालं, तर ते तुमचं असो, शेजाऱ्याचं असो, हातातलं काम क्षणभर खाली ठेवा आणि खाली वाका. त्याच्या डोळ्यांच्या उंचीला या. मुंगी दाखवत असंल तर मुंगी बघा. आपण पंढरीला रांगेत तासन् तास उभे राहतो ते कशासाठी? क्षणभर बघायला. तो देव बोलत न्हाई, उभा आहे. हा देव बोलतोय, ‘बघ’ म्हणतोय. ह्याच्या दर्शनाला रांग न्हाई.

बोला पुंडलिक वरदा हरी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!