यादीत नसलेली पुस्तकं



कार्यकारिणीने आम्हाला दहा मिनिटं दिली आहेत. आम्ही चौघेही सॉफ्टवेअरवाले, त्यामुळे दिलेल्या वेळेत काम संपवण्याबद्दल आमची ख्याती काय आहे ते तुम्ही जाणताच. तरी प्रयत्न करतो.

आजचा कार्यक्रम गावाकडच्या शाळांमध्ये पुस्तकांची कपाटं उभी करण्यासाठी आहे. फेब्रुवारीत कामं वाटली तेव्हा पुस्तकांची यादी करण्याचं काम आमच्या गळ्यात पडलं. कल्पना सोपी होती. इथे न्यू जर्सीत प्रत्येक मराठी घराच्या बेसमेंटमध्ये मराठी पुस्तकांचं एखादं तरी खोकं असतंच. ती खोकी गोळा करायची, जहाजाने पाठवायची आणि कमी पडतील ती पुस्तकं पुण्यात विकत घ्यायची. यादी आम्ही अर्ध्या तासात हातावेगळी केली. पु. ल., व. पु., 'मृत्युंजय', 'स्वामी', 'छावा'... फोन ठेवता ठेवता आमच्यातल्या एकीने विचारलं, "यातलं गेल्या दहा वर्षांत आपण काय वाचलंय रे?"

कुणीच काही बोललं नाही.

मग ठरलं की मार्च महिना वाचायचं. आठवड्याला एक प्रकार, तोही चिठ्ठी टाकून. अट एकच, आधी वाचलेलं पुस्तक चालणार नाही. दर रविवारी रात्री साडेनऊला, मुलं झोपल्यावर, फोनवर बोलायचं.

पहिली चिठ्ठी निघाली प्रवासवर्णनाची. पुस्तक घेतलं विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. पहिला धक्का पुस्तकाने नाही, आमच्या वाचण्याने दिला. रोज शेकडो ओळींचा कोड भराभर वाचणारे आम्ही, आणि इथे तासाला बारा पानं! एक जण तर चक्क ओळीखाली बोट ठेवून वाचत होता. त्याने ते स्वतःहून कबूल केलं, म्हणून इथे सांगतो.

ही हकीकत साधी आहे. पेणजवळच्या वरसई गावचा हा तिशीतला भिक्षुक. घरात पैशांची ओढ. बायजाबाई शिंदे उत्तरेत मोठा यज्ञ करणार, तिथे दक्षिणा मिळेल, असं कळल्यावर हा १८५७ साली घरून निघाला. आणि सापडला नेमका बंडाच्या धुमाळीत. झाशीला वेढा पडला तेव्हा हा गावात होता. इंग्रज फौज शहरात शिरल्यावर काय झालं ते त्याने डोळ्यांनी पाहिलं. मिळवलेलं सगळं लुटलं गेलं. ही हकीकत त्याने १८८३ च्या सुमारास लिहिली आणि ती छापली गेली १९०७ साली.

इतिहास म्हणून आम्ही ते वाचायला घेतलं होतं. पण दुसऱ्याच दिवशी आमच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "अरे, हा तर आपल्यातलाच निघाला." घरची परिस्थिती सुधारावी म्हणून आई-वडिलांना सोडून लांब जायचं, आणि तिथे काय वाढून ठेवलंय ते माहीत नसायचं. हा भटजी परत आला तेव्हा गाठीला पैसा नव्हता, पण आई-वडिलांसाठी गंगेची कावड मात्र खांद्यावरून आणली. त्या जागी आमच्यातला एक जण थांबला. त्या रविवारी तो फोनवर फारसं बोललाच नाही. त्याचे वडील मे २०२१ मध्ये गेले. त्याच महिन्याच्या ४ तारखेपासून भारतातून येणाऱ्या बहुतेक व्हिसाधारकांना अमेरिकेने प्रवेश बंद केला होता. गेलं तर परत कधी येता येईल ते कुणी सांगेना, आणि बायको इथे सात महिन्यांची गरोदर. अंत्यविधी त्याने फोनच्या पडद्यावर पाहिला. आम्ही तिघं त्याचे जवळचे मित्र, पण चार वर्षांहून जास्त काळ हा विषय आमच्यात कधी निघाला नव्हता. तो निघाला एका भटजीच्या कावडीमुळे.

दुसरा आठवडा विज्ञानकथेचा, म्हणजे घरचंच मैदान. जयंत नारळीकरांचं 'वामन परत न आला' वाचलं. पुस्तक १९८६ चं, यंत्रमानवाबद्दलचं. आज ऑफिसात दिवसभर ज्यावर वाद चालतात ते प्रश्न त्यात आधीच विचारून ठेवलेले पाहून आमची थोडी जिरली. नारळीकरांनी आपली पहिली कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून! नावाकडे पाहून बक्षीस मिळू नये म्हणून. मिळालंच. (याच आठवड्यात एकाने चोरून बाबूराव अर्नाळकरांच्या दोन रहस्यकथाही संपवल्या. रात्री दोनपर्यंत जागून. त्याला माफ केलं आहे.)

तिसरी चिठ्ठी आत्मचरित्राची. दया पवारांचं 'बलुतं', १९७८ साली आलेलं. नाव आम्हा चौघांनाही माहीत होतं, वाचलेलं एकानेही नव्हतं. आणि हे नीट ऐका, आमच्या त्या अर्ध्या तासाच्या यादीत ते नव्हतं. त्यात शिकलेल्या दया पवारला दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो. माणूस एकच, पण शिकून पुढे गेलेला एक आणि मागे राहिलेला दुसरा. गावचा महारवाडा आणि मुंबईचा कावाखाना. तिथली माणसं, त्यांची भांडणं, भूक, आणि हसणंसुद्धा. लेखक स्वतःलाही कुठे झाकून ठेवत नाही.

त्या रविवारी चर्चा म्हणावी अशी झालीच नाही. एक जण तालुक्याच्या गावात वाढलेला. तो म्हणाला, "आमच्या वर्गात एक मुलगा होता. गणितात माझ्यापेक्षा पुढे. माझी गाइडं घेऊन जायचा आणि कव्हर घालून परत आणायचा. त्याचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. मी कधी गेलो नाही. जाऊ नको असं घरात कुणी म्हटलंही नव्हतं." मग बराच वेळ गेला आणि तो म्हणाला, "दहावीनंतर तो कुठे गेला ते मी विचारलंही नाही." यावर आम्ही काय बोलणार? आमच्या चौघांच्याही घरी पुस्तकांचं कपाट होतं. त्या कपाटात काय नव्हतं, हे कळायला एवढी वर्षं लागली.

शेवटचा आठवडा कवितेचा. बहिणाबाई चौधरी. त्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं. १९५१ साली त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी पुस्तक निघालं, मुलाने, सोपानदेवांनी, जपून ठेवलेल्या गाण्यांचं. आम्ही ती गाणी स्पेसिफिकेशन वाचावं तशी वाचत होतो. एकीच्या सासूबाई जळगावहून आल्या आहेत. त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "वाचू नका रे, म्हणा." आणि पुस्तकाला हात न लावता त्यांनी तीन गाणी म्हटली. फोनवर तीन घरं ऐकत होती. त्यांची नऊ वर्षांची नात, जी मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देते, ती जिन्यात बसून राहिली.

एप्रिलमध्ये आम्ही कार्यकारिणीपुढे गेलो आणि यादी मागे घेतली. आम्हाला जे आठवतं, आवडतं, तेच आम्ही मुलांना पाठवायला निघालो होतो. मग एका जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंना फोन केला. त्या स्पष्टच म्हणाल्या, "जाड कादंबऱ्या नकोत सर. मोठ्या अक्षरांची, चित्रांची, प्रयोगांची पाठवा. थोडी मोठ्या मुलांसाठी. आणि कपाटाला कुलूप नको. कुलूप असलं की किल्ली हेडमास्तरांकडे, आणि मग झालंच वाचन!"

तेव्हा आता जहाज नाही, खोकी नाहीत. तुमच्या देणगीतून प्रत्येक शाळेला ठरावीक रक्कम जाईल. पुस्तकं तिथले शिक्षक आणि मुलं मिळून निवडतील, जवळच्या दुकानातून आणतील आणि पावती आपल्याकडे पाठवतील. हिशेब वर्षअखेरीस सर्वांसमोर ठेवू. देणगीचे फॉर्म दाराजवळच्या टेबलावर आहेत. आपली कंपनी देणगीच्या बरोबरीने रक्कम घालत असेल, तर तेही आवर्जून लिहा.

राहिली ती अकरा खोकी, जी तुम्ही उत्साहाने आधीच आणून दिलीत आणि जी गेले कित्येक आठवडे आमच्या एका गॅरेजमध्ये गाडीच्या जागी उभी आहेत. ती पुस्तकं आज हॉलच्या मागच्या बाजूला मांडली आहेत. शेजारच्या डब्यात मनाला येईल ती रक्कम टाका आणि एक पुस्तक घरी न्या. अट तीच. आधी वाचलेलं चालणार नाही.