राज्याचा परवाना व ख्रिस्ती मनुष्याचा विवेक

(ज्युबिलीच्या सभेत केलेले भाषण)



या मंगलसमयी मी जुगाराविषयी बोलावे, हे कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु गेल्या पावसाळ्यात एक माउली माझ्याकडे आली. मुलीच्या लग्नाकरिता साठविलेला पैसा तिच्या पुत्राने क्रिकेटच्या सट्ट्यात घालविला होता. म्हणून मौन धरवत नाही.

आपल्या राज्यघटनेने पैज व जुगार हा विषय राज्यांकडे सोपविला आहे. घोड्यांच्या शर्यतींस परवाना मिळतो, मग क्रिकेटास का नसावा, असे पुष्कळ विचारतात. २०१८ साली विधी आयोगानेही म्हटले की, बंदी पाळविणे अशक्य असेल तर नियमन करावे. हा युक्तिवाद टाकाऊ नव्हे. चोरटा सट्टा गरिबास अधिकच नाडतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांस मनाई केली, तरी वाद मिटलेला नाही.

पवित्र ख्रिस्तसभा काय शिकविते? पैज ही स्वभावतः पाप नव्हे. मात्र स्वतःच्या वा इतरांच्या निर्वाहास अवश्य असलेले धन तीत घालणे अधर्म्य होय. आपल्या सणांतही हाऊजी व सोडत असतेच. तिकिटे मीही विकली आहेत. तेव्हा इतरांस बोल लावण्यापूर्वी आपली मर्यादा आपण तपासावी.

परवाना दंड चुकवील, घरची उपासमार चुकविणार नाही. क्रुसाखाली शिपायांनी प्रभूच्या वस्त्रावर चिठ्ठ्या टाकल्या. त्यांस कोणताही कायदा आडवा आला नाही. वर कोण मरत आहे, एवढेच त्यांनी पाहिले नाही. आपण मान वर करून पाहावे, एवढीच माझी विनंती. प्रभू आपणांस सद्बुद्धी देवो.