घाटाखालचा आपला वारसा

(वर्षावासानिमित्त संस्थेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



'कोकणचा निसर्ग, संस्कृती आणि वारसा' या विषयावर चार शब्द सांगावेत, अशी सूचना कार्यकारिणीने आम्हांस केली. त्याला निमित्त आहे. यंदाची विद्यार्थ्यांची सहल कोकणात न्यायची एवढे ठरले आहे, पण कोकणात कुठे, यावर एकमत नाही. तरुण मंडळींना समुद्र हवा, ज्येष्ठांना महाड हवे. महाडला जाऊन चवदार तळ्याला अभिवादन करावे आणि परत फिरावे, असे आपण अनेक वर्षे करीत आलो. समुद्रावर गेलो तर वाळूत खेळून, मासे खाऊन परततो. या दोहोंच्या मधले कोकण आपल्या मुलांनी पाहिलेलेच नाही, आणि आमच्या मते आपला खरा ठेवा त्या मधल्या कोकणातच पडून आहे.

मुळशीकरांना कोकण परके वाटू नये. आपल्या मुळा नदीचा मूळ प्रवाह पूर्वेकडे, पुण्याच्या दिशेने. परंतु टाटांचे धरण झाले आणि १९२७ पासून धरणाचे पाणी सह्याद्रीतून खाली भिऱ्याच्या वीजगृहात उतरू लागले. तेथून ते कुंडलिका नदीला मिळते आणि रेवदंड्यापाशी समुद्राला जाते. कोलाडला शहरातले लोक पैसे मोजून रबरी होड्यांत बसतात, ते ज्या पाण्यावर तरंगतात ते आपल्या खोऱ्यातले पाणी आहे. त्या पाण्याखाली गेलेल्या गावांसाठी १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, हे येथील शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. वीज मुंबईला गेली, पाणी कोकणाला गेले. आपल्या वाट्याला काय आले, हा आजचा विषय नव्हे.

पाण्याच्या आधीपासून माणसे याच वाटांनी खाली उतरत होती. आपल्या तालुक्यातील तेलबैलाच्या जुळ्या भिंती सर्वांनी लांबून तरी पाहिल्या आहेत. त्याच्या पायथ्याच्या पठारावरून वाघजाईची घाटवाट कोकणात ठाणाळे गावाकडे उतरते. त्या डोंगराच्या कुशीत, दाट झाडीत, बौद्ध लेण्यांचा मोठा समूह आहे. चैत्यगृह आहे, विहार आहे, भिक्खूंच्या स्मृतीसाठी उभारलेले लहान लहान स्तूप आहेत. थोड्या अंतरावर खडसांबळ्याला असाच दुसरा समूह आहे. हेन्री कझिन्स या पुरातत्त्व खात्याच्या अधिकाऱ्याने १८९१ साली या दोन्हींवर पुस्तिका प्रसिद्ध केली. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी साहेबाने जे लिहून ठेवले, ते आपल्या डोंगराच्या पलीकडच्या उतारावर असूनही आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिले आहे. लेणी तेथेच का कोरली? कारण तेथून वाट जात होती. चौल, सोपारा, मांदाड या बंदरांतून माल वर देशावर यायचा. व्यापारी, बैलांचे तांडे, भिक्खू सारे याच वाटांनी चालायचे, आणि पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंना एका जागी राहावे लागे. आपण आज ज्या वर्षावासासाठी जमलो आहोत, त्याच वर्षावासासाठी हे खडक कोरले गेले. ताम्हिणीचा पाऊस ज्याने अंगावर घेतला आहे, त्याला खडकातल्या कोरड्या खोलीची किंमत सांगावी लागत नाही.

आता कुड्याकडे वळू. आपल्या पौडवरून ताम्हिणी घाट उतरला की निजामपूर, मग माणगाव. तेथून तळ्याच्या बाजूला राजपुरीच्या खाडीवर कुडे गाव आहे. टेकडीवर लहानमोठी सव्वीस लेणी आहेत आणि ओसरीत उभे राहिले की खाली खाडीचे पाणी दिसते. जागा इतकी सुंदर आहे की ज्यांना केवळ निसर्ग पाहायचा आहे त्यांनीही तेथे जावे. परंतु कुड्याचे खरे धन भिंतींवर आहे. तेथील शिलालेख पंडित भगवानलाल इंद्रजी आणि बर्जेस यांनी १८८१ साली वाचून प्रसिद्ध केले. ही लेणी कोणी कोरविली, याचा हिशेब त्या लेखांत नावानिशी आहे.

हा हिशेब ऐकण्यासारखा आहे. एक दाता माळी आहे, मालाकार, फुलांचा धंदा करणारा. दुसरा करहाकडचा लोखंडाचा व्यापारी. हे करहाकड म्हणजे आजचे कऱ्हाड असे मानतात. एक सोमदेव नावाचा उपासक, वैद्याचा मुलगा; त्याने आपल्या मुलांबरोबर मुलींचीही नावे कोरविली आहेत. पदुमनिका नावाची भिक्खुणी आहे, तिच्या शिष्या आहेत. अयितिलु या ब्राह्मण उपासकाची पत्नी भायिला हिने चैत्यगृह दान दिले आहे. माळी, लोहार-बाजारचा वाणी, वैद्याचे घर, भिक्खुणी, ब्राह्मणी, एकाच टेकडीवर शेजारी शेजारी. पुढे ज्या समाजात कोणी कोणाच्या सावलीला उभे राहीना, त्याच समाजाचे हे आधीचे दप्तर आहे.

आणखी एक नाव आम्हांस विशेष आपुलकीचे वाटते. मांदव खंदपालित नावाचा महाभोज, म्हणजे त्या मुलखाचा मांडलिक सरदार, तेथे होऊन गेला. त्याच्या पदरी शिवभूती नावाचा लेखक होता. लेखक म्हणजे आजच्या अर्थाचा साहित्यिक नव्हे. दप्तर लिहिणारा, कारकून. त्याने पत्नी नंदा हिच्यासह एक लेणे दान दिले. आम्ही बँकेत आयुष्यभर खतावण्या लिहीत आलो आहोत. इतिहासात राजांची नावे टिकतात, कारकुनांची टिकत नाहीत, असेच आम्ही धरून चाललो होतो. कुड्याच्या कारकुनाचे नाव मात्र दीड हजाराहून अधिक वर्षे टिकून आहे, आणि शेजारी त्याच्या बायकोचेही. पगारदार माणसाने समाजासाठी वर्गणी दिली की ती कोठे जाते, असे विचारणाऱ्या आपल्या सभासदांनी एकदा ते लेणे पाहावे.

महाडच्या वेशीवर, मुंबई-गोवा रस्त्याला लागून, गांधारपाल्याची लेणी आहेत. रस्त्यावरून मोटारीतूनही दिसतात. आपल्या वीस मार्चच्या किती गाड्या त्या डोंगराखालून जातात! तेथे काणभोज विष्णुपालित या कुमाराचा लेख आहे. दान काय दिले, याची यादीच आहे: लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या आणि पाण्याच्या दोन पोढ्या. पोढी म्हणजे खडकात कोरलेले टाके. त्या पाण्याला कोणी शिवावे, कोणी शिवू नये, अशी अट त्या लेखात कोठेही नाही. आणि त्याच डोंगरासमोरच्या गावात, सतराशे वर्षांच्या आसपास काळ लोटल्यावर, दिनांक २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन एका तळ्यावर ओंजळभर पाणी पिण्यासाठी चालत जावे लागले. मुंबई कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव १९२३ सालीच झाला होता, महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचे कागदावर होते. तरीही माणसांची डोकी फुटली आणि तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला, दहा वर्षांनी. विद्यार्थी मित्रहो, सकाळी गांधारपाल्याची पोढी पाहा आणि दुपारी चवदार तळे पाहा. त्यावर वेगळे व्याख्यान देण्याची गरज उरणार नाही.

महाडच्या पुढे मंडणगड. या तालुक्यात वेळासचा किनारा आहे. ऑलिव्ह रिडले जातीची कासवे तेथे वाळूत अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या साथीने त्या अंड्यांची राखण केली, आणि पूर्वी अंडी उकरून नेणारे हात आता पिले समुद्रात सोडतात. हे काम आम्हांस फार मोठे वाटते. मुंबई-पुण्याचे पर्यटक हौसेने वेळासला जातात. त्याच तालुक्यात आंबडवे आहे, बाबासाहेबांचे मूळ गाव. तिकडे मात्र आपल्याच गाड्या वळतात. शेजारच्या दापोलीत सुभेदार रामजी पेन्शनीत येऊन राहिले होते, आणि माता रमाईंचे वणंद गाव दापोली तालुक्यातच. याच तालुक्यात पन्हाळेकाजीला नदीकाठी एकोणतीस लेणी आहेत. ती आधी भिक्खूंची, मग वज्रयानी साधकांची, पुढे नाथपंथीयांची झाली. तेथे गणपतीही आहे आणि मच्छिंद्र-गोरक्षही आहेत. आमचे काही मित्र अशा ठिकाणी लगेच वाद काढतात. आम्ही म्हणतो, आधी नीट पाहा. एकाच डोंगरात हजार वर्षे कोण कोण राहून गेले, हे ज्याला वाचता येते त्याला आवाज चढवावा लागत नाही.

हिरवीगार भातखाचरे, नारळी-पोफळीच्या बागा, हापूस हे सर्व कोकणचे वैभव खरेच. परंतु ती खाचरे कसणारी कुळे खोताच्या जाचाखाली होती, हे माहितीपत्रकात छापलेले नसते. बाबासाहेबांनी १९३७ साली विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. त्यात महार, कुणबी, आगरी असे सारे होते. तो शेतही पाहण्याच्या स्थळांत धरावा, असे आम्हांस वाटते.

किल्ल्यांविषयी आम्ही फार बोलत नाही. रायगड, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग यांची नावे २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत लागली, याचा आनंदच आहे. उत्तरेला नालासोपाऱ्याचा स्तूप भगवानलालांनी १८८२ साली उकरला आणि त्यातून बुद्धमूर्ती व भिक्षापात्राचे तुकडे निघाले. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही तेथलाच. ती सहल स्वतंत्र करावी लागेल.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलावी लागते. यांपैकी पुष्कळ लेण्यांना आसपासचे लोक 'पांडवांची' म्हणतात, कोठे शेंदूर लागलेला असतो, कोठे गुरे बांधलेली असतात. याचा आपल्याला राग येतो, तो रास्त आहे. पण भिंतीवर स्वतःचे नाव कोरणारी, रंगाने घोषणा लिहिणारी मुले आपल्याही वस्तीतून येतात. आणि ज्यावर शिवभूतीचे नाव आहे, तो लेख आपल्यापैकी किती जण वाचू शकतात? धम्मलिपी कठीण नाही. क हा बेरजेच्या चिन्हासारखा, ठ म्हणजे साधे वाटोळे. बेरीज येणाऱ्याला पहिले अक्षर आलेच. या लेखांत 'देयधंम', म्हणजे धम्मदान, हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. तेवढी चार अक्षरे ओळखू आली तरी मुलगा लेण्यात शिरून स्वतः काहीतरी शोधू लागेल. सहलीपूर्वीचे चार रविवार विहारात लिपीचा वर्ग घ्यावा. फळा आहे, खडू आम्ही आणू.

सहलीचा बेत असा सुचवितो. पहिल्या दिवशी पौड, ताम्हिणी, माणगाव, कुडे आणि मुक्काम महाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी गांधारपाले, दुपारी चवदार तळे, मग आंबडवे. समुद्र पाहिल्याशिवाय मुले परत येणार नाहीत, म्हणून तिसऱ्या दिवशी वेळास. कासवांची पिले फेब्रुवारीनंतर दिसतात, तेव्हा दहावी-बारावीच्या परीक्षा असतात; सबब सहल डिसेंबरात न्यावी आणि कासवांसाठी लहान मुलांना नंतर वेगळे न्यावे. ठाणाळ्याची वाट उतरायला अवघड आहे. पावसाळा सोडून, वाटाड्या घेऊन, धडधाकट मंडळींनीच जावे. प्रत्येकाने वही, पेन्सिल आणि टॉर्च आणावी. फोटो चांगला यावा म्हणून कोरीव अक्षरांत खडू भरू नये, दगड झिजतो. वर्गणी पंधरा दिवस आधी खजिनदारांकडे जमा करावी. पावती घ्यायला विसरू नये.

जयभीम. नमो बुद्धाय.